कोकणात पालेभाजीला पालाश कोणता आणि कधी द्यावा

युरियाची चिमूट पडली की पालक चार दिवसांत हिरवागार होतो. पालाशचं, म्हणजे पोटॅशचं, तसं काही डोळ्यांत भरत नाही, म्हणून तो राहून जातो. जांभ्याच्या मातीत त्याला धरून ठेवायची ताकद कमी, त्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. एकदाच भरपूर टाकलेलं खत वहाळाला मिळतं.

भात कापून झालं की माती तपासून घ्या. जमीन आरोग्य पत्रिकेत उपलब्ध पालाश भरपूर दिसला तर या हंगामात गोणी आणूच नका. जादा पालाश मॅग्नेशियमच्या आड येतो, आणि आपल्या आम्लधर्मी जमिनीत मॅग्नेशियम आधीच कमी असतं.

मग विहिरीचं पाणी चाखून बघा. गोडं असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश घ्या. त्यात 60 टक्के पालाश असतो आणि तेच सर्वांत स्वस्त पडतं. लाल असो वा पांढरं, पालाश सारखाच, लाली लोहाची. पण खाडीकाठी, जिथे मार्च-एप्रिलात पाणी मचूळ होतं आणि वाफ्याच्या वरंब्यावर सकाळी पांढरी पापुद्री दिसते, तिथे म्युरेटमधलं क्लोराइड नको. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. त्यात 50 टक्के पालाश आणि वर गंधक. महाग आहे, पण मुळा-मेथीला खार सोसत नाही. पालक त्या मानाने दणकट.

हिशेब गुंठ्यात करा. शिफारस हेक्टरी 50 किलो पालाशची असेल, तर गुंठ्याला अर्धा किलो पालाश. म्हणजे म्युरेट साधारण 830 ग्रॅम किंवा सल्फेट एक किलो. सुफला 15:15:15 हे मिश्र खत टाकणार असाल तर त्यातला 15 टक्के पालाश यातून वजा करा. हे बहुतेक जण विसरतात.

महिन्याभरात उपटायच्या माठाला आणि मेथीला सगळा पालाश पेरणीआधी, मातीत मिसळून द्या. बियांच्या ओळीत नको, कोंब करपतो. पुळणीच्या रेताड जमिनीत आणि पावसाळी भाजीला मात्र निम्मा आधी, निम्मा बारा-पंधरा दिवसांनी, उघाडी बघून द्या. पालकासारखी कापत राहायची भाजी असेल तर थोडा हप्ता प्रत्येक कापणीनंतर नत्राबरोबर द्या, आणि लगेच पाणी.

कमतरता ओळखायची तर खालची, जुनी पानं उलटून बघा. कडा आधी पिवळी, मग तपकिरी होऊन करपते. मधला भाग हिरवाच राहतो. खारानेही कडा करपतात, म्हणून पाण्याची चव आधी.

घरचा पालाशही आहेच. भातपिकाने उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा पेंढ्यात असतो. तो गुरांच्या पोटातून बहुतेक मुतात उतरतो, तेव्हा गोठ्यातलं मूत वाया घालवू नका. चुलीची राखही चालते, आम्ल मातीला ती मानवते. फक्त युरियात किंवा ताज्या शेणात कालवू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. प्लास्टिक जाळलेली राख तर भाजीजवळ आणूच नका.

उरलेली गोणी लाकडी फळीवर, तोंड घट्ट बांधून ठेवा. दमट हवेने ढेकळं झाली तर फोडून वापरा; पालाश कुठे जात नाही.