स्क्रू नंतर फिरवू, आधी फिल्टरचा डबा उघडा

कळंबोलीत स्टील मार्केटच्या मागच्या गल्लीत माझं ट्रकचं गॅरेज आहे. गाडी नीट उभी राहायच्या आधीच ड्रायव्हर खिडकीतून ओरडतो, "मिस्त्री, घाटात जीव सोडतेय. पंपाचा स्क्रू जरा फिरवा ना!" त्या स्क्रूने इंजिनात जाणारं डिझेल कमी-जास्त होतं. मी म्हणतो, "दादा, स्क्रू कुठं पळून जातोय? चहा घ्या, तोवर मला फिल्टरचा डबा उघडू द्या."

हिशोब असा आहे. एक लिटर डिझेल जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. भरलेली गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते असं धरलं, तर दर किलोमीटरला इंजिनाने तीनेक हजार लिटर हवा ओढायची. आणि हवा कुठली, तर तळोजा एमआयडीसीची, स्टील मार्केटच्या गंजाची, जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर कंटेनरांनी उडवलेल्या धुळीची. हवा कमी पडली की काळा धूर. त्यात स्क्रू फिरवून आणखी डिझेल ओतलं तर धूर तेवढा वाढतो, गाडी होती तिथेच राहते.

खाली सांगतोय ते जुन्या, इनलाइन पंपाच्या गाडीचं, म्हणजे जिच्यात एकच पंप प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाईपने डिझेल ढकलतो. माझ्याकडे जास्त करून टाटाचं ६९७ इंजिन येतं. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, म्हणून ६९७. नव्या कॉमन रेल गाडीचं, जिच्यात सगळे इंजेक्टर एकाच जास्त दाबाच्या नळीवर असतात, शेवटी बोलतो.

एअर क्लीनरच्या, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या, बुडाला रबराची चोच असते. ती रोज दाबायची, आत साठलेली धूळ भसकन खाली पडते. निम्म्या गाड्यांना ती चोचच नसते, तुटली म्हणून कोणीतरी चिंधी कोंबलेली असते. बाहेरचा फिल्टर आतून बाहेर असा, हलक्या दाबाने ब्लोअर मारून एखाद-दुसऱ्या वेळी चालवता येतो. आतला छोटा फिल्टर कधीच ब्लोअरने मारायचा नाही, सरळ बदलायचा. मग फिल्टरच्या आत टॉर्च लावून अंधारात बघा. कुठे टाचणीएवढा उजेड दिसला तरी तो फिल्टर भंगारात. पावसाळ्यात कागद भिजून फुगलाय का तेही बघा, कारण भिजलेल्या फिल्टरने गाडी हुबेहूब पंप गेल्यासारखी वागते.

अपग्रेड करायचंच तर पैसे इथे घाला. हवा ओढायच्या तोंडावर जाडी धूळ आधीच अडवणारा प्री-क्लीनर, टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पुढच्या फुगलेल्या रबरी होजच्या जागी सिलिकॉनचे होज, आणि पेचाच्या साध्या क्लिपांऐवजी टी-बोल्टच्या क्लिपा. तेल लावायचे कापडी फिल्टर आणि उघडे शंकूसारखे फिल्टर मी बसवत नाही. इंजिनाशेजारची गरम हवा ओढून काय मिळणार? गरम हवा विरळ असते, म्हणून तर टर्बोची हवा थंड करायला इंटरकूलर लावतात.

इंटरकूलर तपासायला दोन्ही तोंडांना बूच मारा आणि एका बुचाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. बूच साखळीने बांधूनच हवा भरा, नाहीतर ते गोळीसारखं सुटतं. माझ्या शटरला पडलेला पोचा अजून आहे. दोन बार भरून हवा बंद करायची. पंधरा सेकंदांत ०.३५ बारपेक्षा जास्त उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतो, पण पंखा बॉडीला घासला किंवा शाफ्ट पुढे-मागे हाताला लागला, तर आधी टर्बोचं काम.

एवढं झाल्यावर नोझलकडे वळायचं, म्हणजे इंजेक्टरच्या टोकाकडे, जिथून डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये उडतो. काढायच्या आधी आजूबाजूची माती धुवा, पाईप सुटल्याबरोबर तोंडं झाका, सहाही इंजेक्टरांना नंबर घाला. आणि इंजेक्टर बसतो त्या खोबणीत टॉर्च मारून तांब्याचा वॉशर बाहेर आलाय का बघा. हे मी जन्मात विसरणार नाही. एकदा पोराने नवीन वॉशर घालून सगळं आवळलं. गाडी सुरू झाली ती काळा धूर ओकत आणि ठोका मारत. पंप तपासला, टायमिंग तपासलं, दिवस गेला. संध्याकाळी चौथा इंजेक्टर काढला तर खाली जुना वॉशर चिकटलेला, त्यावर नवा. दोन वॉशरांनी नोझल वर उचललं गेलं आणि फवारा पिस्टनच्या खड्ड्यात पडायचा तो भलतीकडे पडत होता. तेव्हापासून जुने सहा वॉशर पत्र्यावर मांडून मोजल्याशिवाय नवे हातात देत नाही.

हाताने दाब देणाऱ्या टेस्टरवर नोझल किती दाबाला उघडतं ते बघा. या जातीच्या इंजिनांत आकडा साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान असतो, नेमका कंपनीच्या पुस्तकातून घ्या. इंजेक्टरच्या स्प्रिंगखाली जाड शिम (पातळ चकती) घातली की दाब वाढतो, पातळ घातली की उतरतो. सहाही एकमेकांना जुळले पाहिजेत, त्यासाठी सहाच्या सहा नोझल एकदम बदला. चांगलं नोझल चर्र आवाज करतं आणि धुक्यासारखं उडतं. उघडायच्या दाबापेक्षा २० बार खाली धरून दहा सेकंद थांबा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. डिझेल कातडीत शिरतं, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. तसं झालं तर मलम लावत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

मोठ्या भोकाचं नोझल टाकू का, हा प्रश्न नेहमीचाच. एका पंपवाल्याने माझ्या गिऱ्हाइकाला ते टाकून दिलं होतं. पंधरा दिवस मालक खूश होता. मग खोपोलीच्या चढाला पिस्टन वितळला. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की आगीची उष्णता पिस्टनवर जाते. कंपनीच्या नंबरचंच नोझल घ्या.

परत बसवताना पाईपांचे नट ढिले ठेवा, हँड पंपाने हवा काढा, सेल्फ मारा. डिझेल बुडबुड्यांशिवाय आलं की दोन पाने लावून आवळा. सुरू झाल्यावर एकेक नट थोडा ढिला करून ऐका. ज्या सिलिंडरला इंजिनाचा सूर बदलत नाही, तो आळशी.

कॉमन रेलला ही नट ढिला करायची सवय जिवावर बेतेल. तिथे हजाराच्या वर बार दाब असतो. ते इंजेक्टर बेंचवरच तपासायचे, इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं रिटर्नचं डिझेल मोजायचं आणि नवीन बसवला की त्याच्या अंगावरचा कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायचा. ताकद वाढवायला त्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, म्हणजे चिप, रिमॅप, मी करत नाही. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि बीएस-६ गाडीत काजळीने डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा धुराचा फिल्टर) तुंबतो तो खर्च वेगळाच.

आता तो स्क्रू. वरचं सगळं झाल्यावर शंभरातल्या एखाद्या गाडीला त्याची गरज उरते, आणि तेव्हाही पंप उतरवून बेंचवर डिझेल मोजून. गाडीवर अंदाजाने सील तोडून कधीच नाही.

ट्रायल भरल्या गाडीनेच घ्या. मी शिळफाट्यावरून मुंब्रा बायपासच्या चढाला नेतो. गिअर धरून वर चढताना आरशात बघायचं. पाय दाबल्याबरोबर हलका धूर येऊन विरला तर ठीक, वरपर्यंत काळी शेपटी राहिली तर परत क्लिपांपासून सुरुवात. शिट्टी ऐकू आली तरी होज बघा. आणि दोन-तीन फेऱ्या झाल्या की गाडी एकदा आणा, नवे होज गरम होऊन बसतात, क्लिपा परत आवळाव्या लागतात. त्याचे पैसे मी घेत नाही.