ब्रेकचं काम घरी करायचं की गॅरेजला द्यायचं? या चुका टाळा

पहिल्यांदा घरी डिस्क पॅड बदलले तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट फ्लोअरमॅटला टेकलं. हँडब्रेक ओढला म्हणून मागचा खांब वाचला. नवे जाड पॅड बसवताना कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन आत ढकलावा लागतो आणि तो परत पॅडला येऊन भिडेपर्यंत ब्रेक लागतच नाही. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं असतं. ते मी विसरलो होतो.

तेव्हापासून माझी रेघ ठरलेली आहे. ब्रेक ऑइलची लाइन उघडावी लागत असेल तर गाडी गॅरेजला. पुढचे पॅड बदलताना लाइन बंदच राहते, म्हणून ते काम नीट शिकून घरी जमतं. होज (ऑइलची रबरी नळी), मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग), चाकातला व्हील सिलिंडर, कॅलिपरचं रबर किट यांना हात घातला की लाइनमध्ये हवा शिरते. ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजसारखं लागतं. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली तर काही मॉडेलांत स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही. मागच्या ड्रममधले लायनर (पॅडसारखेच झिजणारे तुकडे) बदलताना लाइन उघडत नाही, तरी मी ते घरी करत नाही. त्या स्प्रिंगा कुठून कुठे लागतात हे रोज करणाऱ्याच्याच हाताला माहीत. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर मागच्या कॅलिपरशी खेळूच नका.

आवाज आला की पॅड संपले, असं धरून चालणं

पावसाळ्यात गाडी रात्रभर उभी राहिली की डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी दोन-चार ब्रेक मारेपर्यंत खरखर येते आणि जाते, त्यात बिघाड नाही. बारीक शिट्टीसारखा आवाज कायम येत असेल तर पॅड बघा. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची पट्टी असते, ती पॅड संपत आला की डिस्कला घासून ओरडते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं तर उशीर झालाय, बहुधा डिस्कही गेली. आणि सिग्नलला पाय दाबून उभे असताना पेडल हळूहळू खाली जात असेल तर पॅड बदलून काहीही होणार नाही. तिथे मास्टर सिलिंडरचा किंवा गळतीचा संशय घ्यायचा. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

'ऑइल' या शब्दाला फसणं

आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, पण नेहमीच्या गाड्यांतलं हे ऑइल पेट्रोलियमचं नसतं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं तर ब्रेकची सगळी रबरं फुगतात आणि खर्च पॅडच्या कितीतरी पट होतो. कॅलिपर पेट्रोलने किंवा डिझेलने धुणं ही त्याचीच धाकटी बहीण. डबीच्या झाकणावर ऑइलचा दर्जा, डॉट ३ की डॉट ४, लिहिलेला असतो, तेच आणि सीलबंद डब्यातलं घाला. पॅड झिजत जातात तशी लेव्हल थोडी खाली जातेच. ती आधीच टॉप-अप करून ठेवली असेल तर नवे पॅड बसवताना पिस्टन आत जातो, ऑइल उसळून बाहेर येतं आणि बॉनेटखालचा रंग खातं. लेव्हल अचानक उतरली तर मात्र गळती शोधा, नुसतं भरत बसू नका.

नुसत्या जॅकवर विश्वास

गाडीसोबत आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. खाली स्टँड हवेतच, जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी पाचर हवी. सुटलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला. पॅडची लोखंडी बाजू डिस्ककडे करून बसवणारेही मी पाहिलेत, हसू नका. धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, जुन्या पॅड-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. पान्यावर उभं राहून नव्हे.

गॅरेजला दिलं म्हणजे सुटलो

जुने पॅड परत मागा. डिस्क टर्निंग करायची, म्हणजे घासून सपाट करायची, म्हणाले तर डिस्कवर कोरलेली किमान जाडी दाखवायला सांगा. त्याखाली गेलेली डिस्क बदलायचीच. 'लायनर साफ केलेत' म्हणजे पॉलिश पेपर मारला की नवे टाकले, तेही विचारा. ऑइल शेवटचं कधी बदललं ते तर हमखास विचारा. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर असलं जुनं ऑइल उकळून लाइनमध्ये वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते.

नवे पॅड कुणीही बसवले तरी पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने ब्रेक मारा, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्या. त्या आठवड्यात महाबळेश्वरचा बेत असेल तर पुढे ढकला.