फाटक खाली बसलं? रंगाचा डबा उघडण्याआधी खांब बघा

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की नागपुरात फाटकांची आठवण होते. वर्षभर नीट लागणारी कडी अर्धा इंच खाली येते, अंगणातल्या फरशीवर ओरखड्याची कमान उमटते आणि वेल्डरला फोन जातो. तो येतो, बघतो, "याले काही नाही झालं भाऊ, दोन टाके मारून देतो," म्हणतो, टाक्यांवर रेड ऑक्साईड फासतो आणि जातो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. यात वेल्डरचा फारसा दोष नाही, त्याला जे दाखवलं ते त्याने जोडलं. फाटक बसलं कशामुळे हे कुणी पाहिलेलंच नसतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी दोनच गोष्टी शोधायच्या असतात: वजन कुठे जातंय आणि पाणी कुठे साचतंय.

आधी लोखंड ओळखा

दुकानात "रॉट आयर्न"चं म्हणून मिळणारं फाटक बहुतेक वेळा एमएसचं, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलचं असतं. खरं रॉट आयर्न, म्हणजे घडीव लोखंड, आता बाजारात नवं मिळत नाही. ते बनवणारा इंग्लंडमधल्या बोल्टनचा शेवटचा मोठा कारखाना 1973 मध्ये बंद झाला. तरी सिव्हिल लाईन्समधल्या इंग्रज अमदानीतल्या एखाद्या बंगल्याला किंवा महाल भागातल्या जुन्या घराला घडीव लोखंडाचं फाटक असू शकतं. ओळख सोपी आहे. सांध्यावर वेल्डिंगची गाठ नसते, रिव्हेट किंवा पट्टीचं कडं असतं, आणि गंजलेल्या जागी लाकडासारखे उभे तंतू सुटलेले दिसतात. असं फाटक थंड असताना ठोकून वाकवू नका, तंतूंच्या रेषेत चिरतं. सुटलेली रिव्हेट नव्या रिव्हेटनेच बसवा. वास्तू वारसा यादीत असेल तर काम सुरू करण्याआधी हेरिटेज समितीकडे चौकशी करा.

तिसरा प्रकार बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. भाल्याची टोकं, फुलं, गोल चकत्या बऱ्याचदा ओतीव असतात. बीड ठिसूळ असतं, साध्या रॉडने वेल्ड केलं तर सांध्याच्या शेजारीच तडकतं. त्याला निकेलचा रॉड लागतो आणि सराईत हात लागतो. तुटलेलं टोक असेल तर इतवारीच्या लोखंड बाजारात तसंच दुसरं शोधून, खालून आटे पाडून बोल्टने बसवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

मोजमाप: टेप, ओळंबा, पाणसळ

फाटक बंद करा आणि पल्ल्याचे दोन्ही कर्ण मोजा. वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून कडीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक, आणि त्याच्या उलटा दुसरा. दोन्ही सारखे आले तर पल्ला काटकोनात आहे, म्हणजे दोष बिजागरीत किंवा खांबात आहे. पहिला कर्ण लांब आला तर चौकटीचे सांधेच सुटलेत.

मग खांबाला ओळंबा लावा. दोन बाजूंनी लावायचा, एका बाजूने लावून समाधान मानू नका. शेवटी पल्ला कडीच्या बाजूने हाताने वर उचला. बिजागरीत खडखड झाली तर पिन झिजलीय. बिजागरी न हलता भिंतीतला होल्डफास्ट (बिजागरी धरणारी, बांधकामात गाडलेली पट्टी) हलला तर बांधकाम सुटलंय. हा सगळा तपास अर्ध्या तासाचा आहे आणि निम्मा खर्च इथेच वाचतो.

खांब आणि काळी माती

नागपूरच्या बऱ्याच भागात घराखाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, मे महिन्यात भेगाळते, आणि उथळ पायावरचा खांब तिच्याबरोबर दरवर्षी थोडा हलतो. म्हणून जुलैत घासणारं फाटक दिवाळीनंतर आपोआप नीट लागू लागतं आणि मालकाला वाटतं, झालं बरं. बरं काही झालेलं नसतं.

खांब अर्ध्या इंचाहून कमी कलला असेल तर बिजागऱ्या सरकवून काम भागतं. त्याहून जास्त कलला असेल तर खांब नव्याने उभा करणंच शहाणपणाचं. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा, किमान तीन फूट, खाली थोडा रुंद. काँक्रीट 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी). भोवतीची भरती त्याच काळ्या मातीने करू नका, मुरमाने करा आणि ठोकून घ्या. दोन्ही खांब जमिनीखालून आरसीसीच्या छोट्या बीमने जोडले तर हलले तरी एकत्र हलतात, मधलं अंतर बिघडत नाही. हा खर्च लोक टाळतात, पण रुंद फाटकाला मी तो करायलाच सांगेन. किमान सात दिवस पाणी मारा आणि तोवर पल्ला टांगू नका.

नऊ इंची विटांच्या खांबावर जड फाटक टांगलं असेल तर होल्डफास्ट कितीदाही सिमेंटने भरा, तो पुन्हा सुटतो. त्यापेक्षा विटांच्या खांबाला लागून लोखंडी चॅनल उभा करा आणि वजन त्याच्यावर घ्या.

खांब जमिनीत शिरतो ती जागा खाली वाकून नीट बघा. सकाळचा सडा, कूलरचं ठिबकणारं पाणी, कुंड्यांचा ओघळ, सगळं तिथेच येतं. काँक्रीटचा वरचा भाग बशीसारखा खोलगट असेल तर लोखंड कायम ओलं राहतं आणि नेमकं जमिनीच्या रेषेत कुजतं. तिथे खांबाभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीटची छोटी टोपी करा.

पल्ला उतरवणं आणि बिजागरी

पल्ला एकट्याने उतरवू नका. खाली लाकडी ठोकळे आणि पाचर लावून वजन त्यांच्यावर घ्या, मग आधी खालची आणि नंतर वरची पिन काढा. जाम झालेल्या पिनेला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. हातोडा मारून घाई केली तर बिजागरीचा कान तुटतो.

झिजलेल्या पिनेत वॉशर घालून वेळ मारून नेता येते, पण फाटक रोज वीस वेळा उघडत असेल तर बेअरिंगची बिजागरीच घ्या. बसवताना दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एकाच ओळंब्यात आल्या पाहिजेत. खालची पिन एक सूतही (इंचाचा आठवा भाग) बाहेर गेली तरी फाटक आपोआप उघडतं किंवा मिटतं. दोन पल्ल्यांमधली फट अगदी घट्ट ठेवू नका. डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांवर असलेलं लोखंड मे महिन्याच्या दुपारी 65 अंशांपर्यंत तापतं. बारा फुटांच्या फाटकात तेवढ्याने जवळपास अडीच मिलिमीटर वाढ होते. दोन-तीन सूत फट असली म्हणजे कडी उन्हाळ्यातही लागते.

सडलेली पट्टी आणि पोकळ पाईप

हलक्या हातोडीने पल्ल्याची खालची आडवी पट्टी ठोकत जा. शाबूत लोखंड खणखणतं, सडलेलं बसक्या आवाजात बोलतं. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चौकोनी पाईपचं फाटक बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेलं असू शकतं, कारण वरच्या उघड्या टोकातून किंवा अर्धवट वेल्डमधून शिरलेलं पाणी खालच्या पाईपात साचून राहतं. बदललेल्या पाईपाच्या वरच्या टोकांना टोप्या वेल्ड करा आणि सर्वात खालच्या पाईपाच्या तळाला सहा मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी आत गेलंच तर बाहेर पडू द्या.

सडलेला भाग कापताना शाबूत लोखंड दोन इंच आत घेऊन कापा. गंजक्या कडेला वेल्ड धरत नाही, जळून भोक पडतं. नवा पाईप निदान 16 गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचा घ्या. नवी पट्टी बसवण्याआधी पल्ला सपाट जमिनीवर ठेवून कर्ण पुन्हा सारखे करा, चारही कोपऱ्यांना टाके मारा, पुन्हा मोजा, आणि मगच पूर्ण वेल्ड करा. एकाच बाजूने सलग वेल्ड केलं तर चौकट ओढली जाते.

पल्ला रुंद असेल तर तिरका आधार हवाच. ताणाची सळई वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून कडीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाते. मध्ये टर्नबकल (फिरवून सळई ताणायचा आट्यांचा जोड) टाकलं की पुढे कधी पल्ला उतरला तर पान्ह्याने दोन आटे आवळून वर घेता येतो. जाड पट्टीने रेटा द्यायचा असेल तर उलटा कर्ण धरायचा, खालच्या बिजागरीपासून कडीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. हे उलटसुलट लावलेली फाटकं गावभर दिसतील.

वेल्डिंग येत नसेल तर ते वेल्डरवर सोडा, पण चार गोष्टी बघत राहा. पातळ पाईपाला 6013 चा अडीच मिलिमीटरचा रॉड पुरे. वेल्डिंगच्या जागेवरचा रंग दोन इंच बाजूला खरडलेला असावा. अर्थिंगचा चिमटा पल्ल्यालाच लावलेला हवा. तो खांबाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांना खड्डे पडतात. मशीनची वायर दिवाणखान्यातल्या सहा अँपियरच्या सॉकेटला नको. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाईप असेल तर मुलामा घासून काढून, मोकळ्या हवेत वेल्ड करा. जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. गाडी, पेट्रोल, वाळलेला पाचोळा आणि आर्क बघत उभी राहणारी मुलं, सगळं दूर.

गंज, अस्तर, रंग

या कामाला सर्वात चांगला काळ दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. हवा कोरडी, लोखंड तापलेलं नाही. मे महिन्यातच करायचं असेल तर पहाटे किंवा सावलीत. लोखंडावर तळहात ठेवून दहापर्यंत मोजता येत नसेल तर रंग लावू नका. वरचा थर झटकन सुकतो, आतलं टरपेंटाईन अडकतं आणि फोड येतात. पावसाळी दमट दिवसांत तर नकोच.

पोपडे पत्र्याच्या खरडणीने काढा, मग तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरवर तारेची वाटी, शेवटी 80 नंबरचा पॉलिश पेपर. खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, ओला करून खरडा, मास्क लावा आणि खरवड कागदात गोळा करा. कोपऱ्यांत, वेलबुट्टीच्या मागे ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर उपयोगी पडतं. पण सुट्या पापुद्र्यांवर ते लावणं म्हणजे पैसे मातीत.

साफ झालेल्या लोखंडाला त्याच दिवशी अस्तर लागलं पाहिजे. रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी नारिंगी छटा चढलेली दिसते. रेड ऑक्साईड स्वस्त आहे आणि घरच्या फाटकाला चालतं, झिंक फॉस्फेटचा प्रायमर त्याहून बरा. मात्र अस्तर म्हणजे रंग नव्हे. नवं फाटक रेड ऑक्साईडवरच आणून टांगायचं आणि "दिवाळीला रंगवू" म्हणायचं ही आपली जुनी सवय. तो थर सच्छिद्र असतो, एका पावसाळ्यात त्याच्या आतून गंज बाहेर येतो आणि पुन्हा सगळं खरडावं लागतं. अस्तर सुकलं की खड्ड्यांना लांबी (पुट्टी) भरा, हलका पेपर मारा आणि एनॅमलचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात दोन पातळ हातांची जागा घेत नाही, तो ओघळतो. ब्रश आधी वेल्डच्या गाठींवर, कडांवर आणि खालच्या पट्टीच्या तळाला फिरवा. तळ हमखास राहतो, म्हणून पल्ला उतरवलेला असतानाच रंगवणं चांगलं.

दुकान, गोदाम, सोसायटी

इथे सरकतं फाटक जास्त आणि चूक महाग. फाटक जड चालायला लागलं की आधी रूळ झाडा. खडी आणि माती निघाली की निम्म्या तक्रारी संपतात. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर दोन्ही चाकं एकदम बदला. रुळाच्या दोन्ही टोकांचे स्टॉपर आणि वरचे गाईड रोलर मात्र दर महिन्याला हलवून बघा. स्टॉपर तुटला की पल्ला रुळाबाहेर जाऊन आडवा पडतो आणि त्याखाली माणूस सापडतो. स्टॉपर नाही तर फाटक बांधून ठेवा आणि ते वापरू नका. मोटर असेल तर दुरुस्तीआधी मेन बंद करून हाताने चालवायच्या चावीने मोटर सोडवा. मोटर अडखळते म्हणून तिची ताकद वाढवून घेऊ नका, आधी फाटक हाताने सहज सरकतं का ते बघा.

वेल्डरशी दर ठरवताना एक ध्यानात ठेवा. नवं फाटक किलोवर मिळतं, त्यामुळे जाड माल सुचवण्यात त्याचा फायदा असतो. दुरुस्ती उक्ती, म्हणजे एकरकमी ठरवा, आणि पाईपचा गेज, बिजागरीचा प्रकार, अस्तराचं नाव व रंगाचे हात किती हे कागदावर लिहून घ्या. कापून निघालेलं जुनं लोखंड कोण नेणार तेही त्याच कागदावर येऊ द्या. भंगारवाला ते किलोनेच घेतो.