फौजी वडिलांचं आयुष्य कागदावर कसं उतरवावं

आबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी पंचगंगा घाटावर रक्षाविसर्जनाला बरीच माणसं जमली होती. 'वाघ माणूस', 'शिस्तीचा माणूस' असं जो तो बोलत होता. पेपरात निधनवार्ता द्यायची म्हणून पुतण्यानं विचारलं, 'आजोबा कुठल्या पलटणीत होते? भरती कधीची?' आम्ही तिघं भावंडं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायची असं तिथंच ठरलं. कोल्हापूर जिल्ह्यात फौजी घरं काही कमी नाहीत, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या तर नावातच फौज आहे. आमचं काय चुकलं आणि काय जमलं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आधी ट्रंक उघडा

आम्ही सुरुवात आठवणी गोळा करण्यापासून केली, तिथंच चुकलं. आठवणी माणसागणिक बदलतात. कागद आधी बघा. माळ्यावर काळी ट्रंक असेलच, वर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर लिहिलेला. तो सर्व्हिस नंबर पहिल्यांदा उतरवून घ्या, त्याच्याशिवाय कुठलंही कार्यालय तुम्हाला उभं करणार नाही. मग डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, शोधा. भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, हुद्दा, मिळालेली पदकं, एवढं एका पानावर मांडलं की सांगाडा तयार.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, लिहावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर दलाचं, खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. अर्ज आईच्या नावानं करा, फॅमिली पेन्शन तिच्या नावावर असते. मजकूर कसा लिहायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. उत्तराची वाट बघत मात्र बसू नका, बाकीचं काम चालू ठेवा.

पदकांना ब्रासो लावू नका

फौजीच्या घरात पितळ दिसलं की हात ब्रासोकडं जातो. पदकांच्या बाबतीत तो आवरा. आपल्याकडच्या लष्करी पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, घासून घासून तेच जातं. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा आणि भिंग घेऊन कड वाचा.

आमच्या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट या भिंगानं मोडली. 1971 ला आबा ढाक्याला होते, पाकिस्तानी फौजेनं शस्त्रं खाली ठेवली तेव्हा तिथंच उभे होते, असं आम्ही लहानपणापासून शाळेत सांगत आलो. पदक निघालं पश्चिमी स्टार. पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी. म्हणजे 16 डिसेंबरला आबा ढाक्यापासून शेकडो कोस लांब होते. मग गोष्ट आली कुठून? आईला विचारलं तर ती म्हणाली, 'त्या दिवशी तुझ्या आजोबांनी रेडिओ लावला, ढाका ढाका ऐकलं आणि गल्लीभर सांगून आले.' आबांनी पुढं कधी खोडून काढलं नाही, इतकंच.

अशी गोष्ट निघाली तर फेकू नका. खरं काय ते लिहा, आणि घरात काय सांगितलं जायचं तेही लिहा. आमच्या पुस्तिकेत आबांपेक्षा आजोबांचा रेडिओच जास्त वाचला गेला.

पदकांवरून आणखीही कळतं. समर सेवा स्टार म्हणजे 1965 च्या लढाईत प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात होते. नुसतं रक्षा पदक 1965 असेल तर त्या काळात नोकरीत होते, आघाडीवर असतीलच असं नाही. यात कमीपणा काही नाही, पण न केलेलं त्यांच्या नावावर लावू नका. आणि वय होऊन घरीच वारलेल्या माणसाला 'शहीद' लिहू नका, तो शब्द त्यांनाच आवडला नसता.

मग सुट्ट्या मोजा

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. घरच्यांना माहीत असलेला फौजी हा सुट्टीवर आलेला फौजी असतो. वर्षाला दोन महिने रजा धरली तरी पंधरा वर्षांत अडीच वर्षं होतात. बाप म्हणून, नवरा म्हणून त्या काळात एवढंच. तेव्हा कागदावर दोन रकाने आखा. डावीकडं त्यांची पोस्टिंग, उजवीकडं घरातल्या घटना: लग्न, बाळंतपणं, विहीर, वाटणी, आजीचं आजारपण. कशाला ते होते आणि कशाला नव्हते, लगेच दिसतं. आम्हा तिघांपैकी एकाच्याच बारशाला आबा हजर होते.

उजवा रकाना भरणारं माणूस म्हणजे आई. तिला 'आबा कसे होते?' विचारलं तर 'देवमाणूस' म्हणेल आणि पदर डोळ्याला लावेल. बारीक विचारा. पहिली मनिऑर्डर किती रुपयांची? पत्र कोण वाचून दाखवायचं? रजेवर आले की पहिल्या दिवशी काय रांधायचीस? आमच्या आईनं यावरच सांगितलं की धाकटा आबांना पहिले दोन दिवस 'मामा' म्हणायचा. पिशवी घेऊन घरी येणारा पुरुष म्हणजे मामा, एवढंच त्याला ठाऊक.

पलटणीतले सोबती ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या, बाकावर नाहीतर कॅन्टीनच्या रांगेत भेटतात. त्यांना लढाईचं आधी विचारू नका. लंगरात, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, जेवायला काय असायचं, टोपणनाव काय होतं, इथून सुरू करा, बाकीचं आपसूक येतं. फोनवर रेकॉर्ड करा, पण विचारून. आणि त्यांची हिंदीमिश्रित मराठी तशीच ठेवा, शुद्ध करायला गेलात तर माणूस पुसला जाईल.

पत्रं आणि फोटो

पत्त्यात 'मार्फत 56 ए.पी.ओ.' दिसेल, ए.पी.ओ. म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. तो ठिकाणाचा पत्ता नव्हे, ठिकाण कळू नये म्हणूनच तो असायचा. तारीख बघा आणि डाव्या रकान्याशी ताडा.

2019 च्या महापुरात आमचा अर्धा अल्बम गेला. फोटो चिकटले असतील तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करा आणि सावलीत, चित्र वर ठेवून, वाळवा. लगेच जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, काही दिवस थांबतात. लॅमिनेशन नको.

छापताना

डीटीपीवाल्यावर नजर ठेवा. आपल्याकडं कुणाच्याही चेहऱ्याखाली वर्दी चढवून देतात. आमच्या चौकातल्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या डिजिटल फलकावर आबांच्या दंडावर दोनच फिती होत्या, म्हणजे मरणानंतर हवालदाराचा नाईक झाला. हवालदाराला तीन फिती, नाईकाला दोन, लान्स नाईकाला एक. साध्या शर्टातला खरा फोटो या खोट्या वर्दीपेक्षा केव्हाही बरा.

पिनेची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा. आमची 24 पानांची झाली. शेवटची दोन कोरी सोडा, ती लागतात. वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर थोरल्या आत्यानं ती उघडायला लावली आणि नातीकडून लिहून घेतलं: भरतीला जाताना घरात कुणाला न सांगता गेला, गाडीभाड्याला माझ्याकडचे दोन रुपये नेले, ते अजून यायचेत.