शेपटी सांभाळा: खान्देशात वजनविरहित अवस्थेचा प्रयोग करताना

वजनविरहित अवस्थेत स्नायू-हाडांचं काय होतं हे पृथ्वीवरच उंदरावर पाहायचा प्रयोग एम.फार्म.च्या मुलांना करायचा असला की आमच्या धुळ्याच्या प्राणीगृहात मी त्यांना आधी भिंतीवरचा थर्मामीटर दाखवते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात नसेल, तर पुढचं बोलणंच नाही.

पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण बंद करता येत नाही. मागच्या पायांवरचा भार मात्र काढता येतो. १९७० च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रात एमिली मोरे-होल्टन यांनी ही पद्धत उभी केली. उंदराला शेपटीच्या आधाराने साधारण ३० अंश, डोकं खाली असं ठेवायचं. शरीरातले द्रव डोक्याकडे सरकतात, पोटरीतला सोलियस स्नायू रोडावतो, नडगीचं हाड विरळ होतं. जवळजवळ निम्मं वजन पुढच्या पायांवर राहतं, त्यामुळे जनावर फिरतं, खातं, अंग चाटतं.

आता शेपटीकडे या. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली बरीच उष्णता तो उघड्या शेपटीतून टाकतो, आणि आपण नेमकी तीच टेपने झाकतो. अमेरिकेतल्या थंड खोलीत हे निभतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारी वीज गेली तर खोली बघता बघता तापते. म्हणून खोली २२ ते २४ अंशांवर हवी आणि एसी जनरेटरवर चालायला हवा. कूलरवर भागवू नका, त्याने दमटपणा वाढतो. शक्य असेल तर हा प्रयोग हिवाळ्यातच घ्या.

शेपटी स्पिरिटने पुसून वाळू द्या, टिंक्चर बेंझॉइनचा (टेप धरून ठेवणाऱ्या चिकट राळेच्या द्रावणाचा) पातळ हात फिरवा. चिकटसर झालं की हवा खेळेल अशी ट्रॅक्शन टेप दोन्ही बाजूंनी लांबीत लावा, बुडापासून निम्म्यापर्यंतच. गोल आवळून कधीच गुंडाळू नका. टोक उघडं ठेवा: ते गुलाबी आणि उबदार असलं पाहिजे. टेप अडकवायला वरच्या दांडीला फिरती कडी लावा, म्हणजे उंदराला चौफेर वळता येईल. मागचे पाय जमिनीला किंवा भिंतीला टेकले, तर प्रयोगच फसला.

आमच्या प्राणीगृहातले अप्पा रोज सकाळी बोटाने टोक चाचपतात. “शेपटी थंडी पडनी से, म्याडम,” म्हणाले की तो उंदीर तेव्हाच खाली उतरतो. त्यावर चर्चा नाही.

वजन रोज घ्या. पहिले काही दिवस ते थोडं उतरतं, नंतर सावरायला हवं. उतरतच राहिलं तर त्याला प्रयोगातून काढा. वजन उतरतच राहणं म्हणजे उंदीर तणावात आहे, आणि तणावानेही स्नायू झडतो. मग तुमच्या आकड्यांना अर्थ काय? तुलनेच्या गटालाही तशाच पिंजऱ्यात तशीच टेप लावा, फक्त उचलू नका.

शेवटी टेप ओढून काढू नका, कोमट पाण्याने भिजवून सोडवा. मागचे पाय अशक्त झालेले असतात. पुढचे काही दिवस खाणं-पाणी खालीच ठेवा.