पहार कशी चालवायची: खड्डा, दगड आणि टेकू

आपल्याकडे खान्देशात उन्हाळ्यात बांधाला कुंपण करायचं म्हटलं की पहार निघतेच, आणि तापीकाठची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये एवढी टणक झालेली असते की नवं पोरगं दोन खांबांतच दमतं, कारण ते पहार जमिनीत दाबत बसतं. दाबायची नाहीच. सरळ उचलायची अन् सोडायची, हाताने फक्त दिशा द्यायची, बाकी काम तिचं वजन करतं. म्हणून फार हलकी घेऊ नका. पाच फुटी, २५ मिलिमीटर जाडीची गोल पहार साधारण ६ किलो भरते, ३२ ची साडेनऊच्या आसपास जाते. दिवसभर चालवायची तर ६ किलोवालीच बरी.

खड्डा घ्यायच्या जागी आदल्या संध्याकाळी बादलीभर पाणी ओता, सकाळी माती नरम लागते. सुटलेली माती लगेच काढत जा भाऊ, आत राहिली तर घाव तिच्यातच जिरतो. खाली मुरूम लागला की पाण्याचा फार उपयोग नाही, तिथं एकाच जागी छोटे छोटे घाव घालायचे.

दगड हलवायला मात्र सगळा खेळ टेकूचा, म्हणजे पहारीखाली ठेवलेल्या आधाराचा. सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांची शेतं आहेत त्यांना हे रोजचंच. टेकू दगडाच्या जितका जवळ तितका जोर कमी लागतो. पाच फुटी पहारीला दगडाकडच्या टोकापासून अर्ध्या फुटावर टेकू दिला तर तुमचा जोर ९ पट होतो, म्हणजे ९० किलोच्या वजनाला १० किलोचा दाब पुरतो. पण तुमचं टोक ९ इंच खाली गेलं तर दगड इंचभरच उचलतो, म्हणून थोडं उचला, खाली चिप (दगडाची कपची) सारा, टेकू वाढवा, परत उचला. घाई नको, आणि दगडाखाली हात तर अजिबात घालू नका, चिपसुद्धा काठीने सारा. टेकूला गोल दगड घसरतो, बाभळीचा ठोकळा चांगला.

दाबताना तोंड अन् छाती पहारीच्या वर आणू नका, सटकली तर उसळून लागते. बाजूला उभं राहायचं. मोटरीची केबल जमिनीतून कुठून गेलीय ते आधी विचारा, वर तारा असतील तर पहार उभी करताना बघा. आणि मे महिन्यात ती उन्हात टाकून जेवायला जाऊ नका, नंतर हातात धरवत नाही.

टोक बोथट झालं की लोहाराकडे द्या, तो तापवून, ठोकून, पाणी देऊन, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करून देतो. ग्राइंडरवर घासायचंच असेल तर थांबून थांबून, पाण्यात बुडवत घासा, टोक निळं पडलं की नरम झालं समजा, मग परत भट्टीतच न्यावं लागतं.