अंबाड्यातून निसटणारे कपाळावरचे आखूड केस कसे बसवावेत

अंबाडा मनासारखा जमला, गजरा माळून झाला, शेवटची पीन लागली आणि आरशात पाहावे तर कपाळाच्या कडेने जावळासारखे बारीक केस उभे राहिलेले दिसतात, हा अनुभव केस वर बांधणाऱ्या प्रत्येकीच्या ओळखीचा आहे. अशा वेळी बहुतेक जणी एकतर केस सोडून आणखी ताणून बांधतात, नाहीतर तळहातावर तेल घेऊन ते कपाळावरून मागे चोपडतात. नागपुरात नवऱ्या मुलींचे केस बांधण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे आणि या दोन्ही उपायांनी काम बिघडलेलेच अधिक पाहिले आहे. ज्या केसाची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर आहे तो अंबाड्यापर्यंत पोहोचतच नाही, मग कितीही ताणले तरी तो मागे जाणार कसा? तो ओढायचा नसतो, बसवायचा असतो. आणि हे काम अंबाडा झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी, केस ओलसर असताना उरकायचे असते.

त्याआधी हे केस कोणत्या जातीचे आहेत ते पाहून घ्यावे. कपाळाजवळचा एखादा आखूड केस उजेडात पांढऱ्या कागदावर धरला आणि त्याचे टोक निमुळते दिसले, तर तो नव्याने उगवलेला केस आहे; टोक बोथट किंवा फाटलेले असेल, तर तो मधूनच तुटलेला आहे. बाळंतपणानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी केस भराभर गळतात आणि पुढे तेथेच नवे केस दाटीने येतात; टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या मोठ्या तापानंतरही असेच घडते. अशा केसांची चिंता करू नये. केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे जूनमध्ये नुकताच उगवलेला केस डिसेंबरच्या लग्नापर्यंत सहा-सात सेंटिमीटरचा होतो आणि एवढ्या लांबीला पीन धरते. तुटलेल्या केसांची गोष्ट वेगळी. ते घट्ट रबराने, रोज एकाच जागी बांधलेल्या वेणीने किंवा सततच्या घर्षणाने तुटतात. आपल्याकडे उन्हाळ्यात दुचाकीवर निघताना डोक्यापासून नाकापर्यंत स्कार्फ आवळून बांधण्याची आणि त्यावर हेल्मेट चढवण्याची पद्धत आहे. त्या स्कार्फची कड नेमकी कपाळाच्या रेषेवर घासते. स्कार्फच्या आत सॅटिनची किंवा जुन्या मऊ मलमलीची पट्टी घेतली तरी बराच फरक पडतो. कानशिलांपाशी केस विरळ होऊन कातडी गुळगुळीत, चमकदार दिसू लागली असेल, तर मात्र बांधणी सैल करावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ती जागा जेलने झाकत बसू नये.

एक गोष्ट कदापि करू नये, ती म्हणजे हे केस कापणे किंवा थ्रेडिंगने काढणे. माझ्या स्वतःच्या साखरपुड्याआधी एका पार्लरमध्ये ‘कपाळ स्वच्छ दिसेल’ म्हणून दोऱ्याने ही कड साफ करून दिली होती. साखरपुड्याला कपाळ खरोखरच स्वच्छ दिसले, पण दोन महिन्यांनी लग्नात तेथे ब्रशच्या दातांसारखी खुंटे सरळ उभी होती आणि ती कशानेच बसली नाहीत.

आता मुख्य कामाकडे वळू. सुती साडीला इस्त्री करण्यापूर्वी आपण पाणी शिंपडतो, त्यामागचे कारण येथेही लागू पडते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. पाणी लागले की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ते पुन्हा जुळतात. म्हणून ओला केस वळवून, तो पूर्ण वाळेपर्यंत दाबून धरला तर वळण टिकते. कोरड्या केसावर नुसता स्प्रे मारला तर तो जसा उभा असतो तसाच कडक होतो.

केस आदल्या दिवशी धुवावेत, कारण त्याच दिवशी धुतलेले केस निसरडे असतात आणि पीन धरत नाहीत. बांधायला बसल्यावर प्रथम सगळ्या डोक्यावरून कंगवा फिरवून गुंता काढावा. मग कपाळाच्या, कानशिलांच्या आणि मानेच्या कडेने बोटभर रुंदीची पट्टी तेवढी पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर करावी. पाणी गळू लागेल इतकी नव्हे, बोटाला गारवा जाणवेल इतपत. वाटाण्याएवढे जेल बोटांच्या टोकांवर चोळून आधी या पट्टीतल्या लांब केसांना लावावे आणि बोटांवर जे उरेल तेवढेच आखूड केसांसाठी वापरावे. आखूड केसांसाठी मऊ दातांचा नवा टूथब्रश सर्वांत चांगला, कारण कंगव्याच्या दातांमधून हे केस निसटून जातात आणि ब्रशच्या दाटीत ते अडकतात. ब्रश मुळापासून टोकाकडे, छोट्या छोट्या हातांनी फिरवावा. केसाचा कल कोणत्या बाजूला आहे ते मात्र आधी पाहावे. कपाळावर भोवरा असेल तर केस सरळ मागे नेण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कलाने किंचित तिरपे वळवून शेजारच्या लांब केसाखाली सरकवावेत. भोवऱ्याच्या विरुद्ध बसवलेला केस मंगलाष्टकांपर्यंत टिकल्याचे मी पाहिलेले नाही.

कड अशी बसली की सगळे केस मागे घेऊन मऊ रबराने बांधावेत, ताण न देता. लगेच चार बोटे रुंद मलमलीची पट्टी कपाळाच्या कडेवरून, कानांच्या वरून मानेपर्यंत नेऊन अलगद बांधावी. जुन्या मऊ धोतराची किंवा ओढणीची पट्टी चालते. टॉवेल चालत नाही, कारण त्याचे धागे केस उचलतात. पट्टी असताना मागचा अंबाडा सावकाश बांधता येतो: गुंडाळणे, जाळी, यू पिना, सगळे. यात दहा-पंधरा मिनिटे जातात आणि तेवढ्यात कड वाळते. पट्टी सोडताना ती मागे ओढून काढू नये. गाठ सोडून सरळ वर उचलावी. मुलीच्या आईला ही पट्टी पाहून नेहमी धास्ती वाटते, आणि पट्टी उचलल्यावर ती वाकून कपाळ जवळून पाहते, हे आता माझ्या सवयीचे झाले आहे.

मानेच्या केसांचे तंत्र थोडे निराळे आहे. डोके मागे झुकवून केस गोळा केले, तर मान खाली घालताच ते ताणले जातात आणि आखूड केस बाहेर उसळतात. नवरी मुलगी तर अर्धा दिवस मान खाली घालूनच बसलेली असते. म्हणून हनुवटी समतल ठेवून बांधावे, मग एकदा मान वाकवायला सांगावी आणि जे केस सुटतील ते वरच्या दिशेने वळवून दोन काळ्या पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावाव्यात. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे असावी. कितीतरी जणी ती वरच्या बाजूला ठेवतात आणि मग पीन घसरते म्हणून पिनेलाच दोष देतात. पीन लावण्याआधी तिच्यावर थोडा स्प्रे मारला तर पकड आणखी वाढते.

जेल विकत घेण्याऐवजी घरी करायचे असेल, तर विदर्भाच्या स्वयंपाकघरात त्याची सोय आहेच. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाला पाण्यात उकळल्यावर सुटणारा चिकट अंश केस बसवायला उत्तम असतो. दोन मोठे चमचे न भाजलेले जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवावेत आणि सतत ढवळावेत; आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे होऊन चमच्यावरून तार धरू लागते. तार दिसताच गॅस बंद करून ते गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे, कारण गार झालेले मिश्रण कापडातून उतरतच नाही, आणि मग ओट्यावर उभे राहून ते पिळत बसण्याची वेळ येते. हे जेल फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. बाहेर ठेवल्यास मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो, तसा आला तर टाकून द्यावे. त्याने केस कडक न होता बसतात आणि योग्य प्रमाणात लावले तर पांढरी पापुद्री धरत नाही. दमट दिवसांत मात्र ते एकट्याने पुरत नाही.

येथेच ऋतूचा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आपल्याकडे लग्नांची दाटी असते, आणि त्या वेळी केसांचा शत्रू घाम असतो. घाम पहिल्यांदा कपाळाच्या रेषेवरच येतो आणि पाण्यात विरघळणारे जेल तो सोडवतो. त्यात मंगल कार्यालयातला मोठा कूलर दमट वारा थेट तोंडावर फेकतो. एका लग्नात नवरीला उकडते म्हणून कुणीतरी तिची खुर्ची कूलरसमोर सरकवली आणि वीस मिनिटांत तिचे उजवे कानशील पूर्ण विस्कटले, डावे मात्र जसेच्या तसे राहिले. तेव्हापासून मी खुर्ची कूलरला पाठ करून ठेवायला आधीच सांगून ठेवते. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या दिवशी अडचण वेगळी असते: हवाच ओली, वर पुरणाची आणि आंबिलीची वाफ, आणि नऊवारी-खोपा करून दिवसभर चुलीपाशी उभे राहायचे. केस हवेतला ओलावा शोषून मूळ वळणावर जातो, त्यामुळे या दिवसांत जेलवर मेणाचा पातळ हात द्यावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत उलट होते. हवा कोरडी पडते, प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला की केसांवर विद्युतभार साचतो आणि एकेक केस दुसऱ्यापासून दूर पळतो. तेव्हा लाकडी कंगवा वापरावा आणि हाताला लावलेल्या क्रीमचा उरलासुरला अंश केसांवरून फिरवावा. बहुधा एवढे पुरते.

खोबरेल तेलाबद्दल मुद्दाम सांगायला हवे. थंडीत ते बाटलीत गोठलेले असते, म्हणून ते केस धरून ठेवील असा समज होतो. परंतु ते चोवीस अंशांच्या आसपास वितळते आणि आपली त्वचा त्याहून कितीतरी गरम असते. मे महिन्यात तर ते कपाळावर उतरते आणि वाटेत फाउंडेशन व चंद्रकोर दोन्ही घेऊन जाते. मधमाशीचे मेण मात्र बासष्ट अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे नागपूरच्या उन्हातही ते जागचे हलत नाही. पूर्वी बायकांच्या फणेरपेटीत मेणाची डबी असे आणि पिंजर टिकावी म्हणून कपाळावर आधी मेण लावत, हे ज्यांनी आजीकडे पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. बाजारात मिळणारी वॅक्स स्टिक हा त्याच डबीचा नवा अवतार समजावा. घरी करायची असल्यास शुद्ध मेण एक भाग आणि खोबरेल दोन भाग घेऊन, पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवावे. थेट आचेवर ठेवू नये. थंडीसाठी तेल तीन भाग घेतले तर मलम मऊ होते. मेणबत्तीचे मेण यासाठी वापरू नये. डबीवरून टूथब्रश एकदाच फिरवावा आणि अंबाडा झाल्यावर जे चार-सहा केस अजून डोकावत असतील त्यांवरूनच न्यावा. जास्त झाले तर केस तेलकट, चपटे दिसतात आणि धुतल्याशिवाय सुधारत नाहीत.

स्प्रे शेवटी, आणि तोही डोक्यावर नव्हे, ब्रशवर मारून. यात सौंदर्याइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न आहे: बहुतेक हेअर स्प्रेमध्ये अल्कोहोल असते आणि ते पेट घेते. विवाहहोमाला बसण्यापूर्वी स्प्रे पूर्ण वाळलेला असावा, आणि होमाजवळ बाटली काढूच नये.

मुंडावळ्या बांधताना बसवलेली कड हमखास उचलली जाते, कारण दोरा केसांवरूनच सरकवत नेला जातो. दोरा केसांच्या रेषेपासून अंगठाभर खाली, कपाळाच्या कातडीवर टेकवावा, तेथे धरून ठेवावा आणि मगच दोन्ही टोके मागे नेऊन अंबाड्याखाली गाठ मारावी. अक्षता पडल्यावर केसांत अडकलेले तांदूळ झटकू नयेत, एकेक वेचून काढावेत.

कानशिलाजवळ खाली वळलेली एखादी बट असेल, तर ती तशीच ठेवावी, असे माझे मत आहे. ओल्या बोटाभोवती गुंडाळून सोडली की ती ठेवणीतली वाटते, आणि खोप्याबरोबर शोभते.

रात्री केस सोडताना घाई करू नये. मेण लावलेल्या कडेवर आधी थोडे कोमट तेल चोळून दहा मिनिटांनी शॅम्पू करावा, कारण मेण नुसत्या पाण्याने निघत नाही. जेल कोमट पाण्याने भिजवून सुटू द्यावे आणि कोरड्या, कडक केसांतून कंगवा ओढू नये, नाहीतर पुढच्या वेळेसाठी आखूड केसांची नवी खेप तयार होते. पिना लावतानाच मोजून ठेवलेल्या बऱ्या. एखादी कमी भरली तर ती बहुधा जाळीच्या खाली, मानेच्या बाजूला सापडते.